दगडाचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की बखरी, शकावल्या, ताम्रपट आणि मोडी कागदांचे रुमाल आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. हा संस्कार महाराष्ट्राच्या मनावर ज्यांनी केला त्यांत कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे स्थान अग्रभागी आहे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि ऐकीव कथेपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, हा न्याय मराठी वाचकांच्या गळी उतरविला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचा देहान्त झाला आणि १९२७ साली त्याच गावी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांविषयी खानदेशास जी आस्था आहे, तिची परंपरा अशी थोर आहे. परंतु त्याच धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या माळावर, कोणत्याही कागदाहून अतिप्राचीन असे एक दप्तर उघडे पडलेले आहे आणि त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते दप्तर म्हणजे आपल्या पायांखालचा काळा दगड. शिलालेखातील लेख आपण वाचतो; शिला मात्र वाचीत नाही.

ही शिला वाचण्याची विद्या ज्यांनी घडविली, त्यांपैकी एका पुरुषाचे चरित्र आणि कार्य आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत. हेन्री स्टीफन्स वॉशिंग्टन हे त्यांचे नाव. ते अमेरिकेचे रहिवासी. परंतु दख्खनच्या पाषाणाचे काटेकोर रासायनिक पृथक्करण करून जगातील इतर पाषाणांच्या पंक्तीत त्याची जागा दाखवून देण्याचे मोठे श्रेय त्यांस आहे. आपल्या घराच्या जोत्यात, विहिरीच्या बांधकामात, जात्याच्या पाळीत आणि पाट्या-वरवंट्यात जो दगड आपण पिढ्यान्पिढ्या वापरीत आलो, त्याचा कुलवृत्तान्त लिहिणाऱ्या या गृहस्थाचे नाव मराठी घरांत जवळजवळ अपरिचित असावे, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

प्रथम शिंदखेड्याची भूमी कशी आहे ते पाहू. उत्तरेस तापी वाहते. पांझरा आणि बुराई या नद्या दक्षिणेकडून येऊन तिला मिळतात. तापीच्या काठी खोल गाळाची काळी जमीन आहे. काठ सोडून दक्षिणेकडे वळावे तो मुरमाड माळ लागतो. या माळावर पूर्वपश्चिम धावणाऱ्या, कोसच्या कोस लांब अशा काळ्या पाषाणाच्या रांगा दिसतात. जणू कोणी दैत्याने भिंती बांधून शेताच्या वाटण्या केल्या आहेत! भूगर्भशास्त्रात त्यांस 'डाइक' म्हणतात. मराठीत 'भित्ती' हा शब्द त्यांस शोभतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीस भेगा पडून त्यांतून तप्त रस वर आला. तो बाहेर पसरला त्याचे थर झाले, आणि जो भेगेतच थिजला त्याच्या या भित्ती झाल्या. भोवतालचा मऊ झालेला थर पावसाने झिजून गेला. कठीण भित्ती तेवढी उभी राहिली. रे, शेठ आणि मल्लिक या संशोधकांनी २००७ साली नंदुरबार-धुळे प्रदेशातील भित्तींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांच्या टापूत एक किलोमीटरहून लांब अशा २१० भित्ती त्यांनी मोजल्या. त्यांतील सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरांची, तर जाडी ३ मीटरांपासून ६२ मीटरांपर्यंत आढळली. ज्या भेगांनी दख्खनचे पठार रचले, त्यांच्या खुणा इतक्या स्पष्टपणे दिसावयाच्या तर त्या खानदेशातच.

आता या पाषाणाच्या अंतरंगाकडे वळू. दगड कशाचा झाला आहे, या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही. त्यासाठी रसायनशास्त्राची कास धरावी लागते. 'भूरसायन' ही संज्ञा शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८३८ साली प्रथम योजिली. पुढे अमेरिकेत फ्रँक विगल्सवर्थ क्लार्क यांनी भूगर्भ खात्याचे मुख्य रसायनज्ञ म्हणून दगड, पाणी आणि माती यांच्या पृथक्करणांचा प्रचंड संग्रह केला व १९०८ साली त्यावर आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला. वॉशिंग्टन हे या क्लार्क यांचे वयाने धाकटे, परंतु योग्यतेने बरोबरीचे सहकारी होत.

वॉशिंग्टन यांचा जन्म १५ जानेवारी १८६७ रोजी न्यू जर्सी प्रांतातील न्यूअर्क येथे झाला. घरची स्थिती चांगली होती. १८८६ साली येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर हा तरुण पुढे ग्रीस देशात गेला आणि अथेन्स येथील अमेरिकन विद्यालयाच्या वतीने चाललेल्या उत्खननांत रमला. प्लॅटिया या प्राचीन नगरीच्या तटांविषयी आणि तेथे सापडलेल्या देवालयाविषयी त्यांनी निबंध लिहिले. म्हणजे दगडाशी त्यांची पहिली ओळख झाली ती इतिहासाचा अभ्यासक या नात्याने. पुढे आशिया मायनरमधील कुला येथील ज्वालामुखींचा अभ्यास करून जर्मनीतील लाइप्झिग विद्यापीठाची डॉक्टरची पदवी त्यांनी १८९३ साली मिळविली. तथापि पहिले प्रेम सुटले नाही. ग्रीक मूर्तींचा संगमरवर कोणत्या खाणीतला हे कसे ओळखावे, यावर १८९८ साली त्यांनी लेख लिहिला. आणि उतारवयात मध्य अमेरिकेतील प्राचीन लोकांच्या हिरव्या जेड पाषाणाचेही पृथक्करण केले. मूर्तीचा इतिहास मूर्तिकारापाशी सुरू होत नाही, तर खाणीपाशी होतो, हे त्यांनी ओळखले होते.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी न्यू जर्सीत स्वतःच्या खर्चाने प्रयोगशाळा उभारली आणि तेथे एकट्याने पृथक्करणे चालविली. १९०४ साली दगडांच्या रासायनिक पृथक्करणावर त्यांचे पाठ्यपुस्तक निघाले. त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या झाल्या. मध्यंतरी काही वर्षे खाणींचे सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. १९१२ साली ते वॉशिंग्टन शहरातील कार्नेगी संस्थेच्या भूभौतिक प्रयोगशाळेत दाखल झाले आणि ७ जानेवारी १९३४ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले.

त्या काळी दगडाचे पृथक्करण म्हणजे किती नेटाचे काम होते, याची कल्पना आज करणे कठीण आहे. दगडाचा तुकडा फोडावयाचा, अकीकाच्या खलात त्याची वस्त्रगाळ पूड करावयाची, आणि तीतील सुमारे एक ग्रॅम तोलून सोड्याबरोबर प्लॅटिनमच्या मुशीत वितळवावयाची. मग ती आम्लात विरघळवून कोरडी पडेपर्यंत आटवावयाची, म्हणजे सिलिका न विरघळता मागे राहते. ती गाळून, जाळून, तोलावयाची. उरलेल्या द्रवात अमोनिया घातला की लोह आणि ॲल्युमिनियम यांचा साका बसतो. त्यानंतर चुना, त्यानंतर मॅग्नेशिया. सोडा आणि पोटॅश यांसाठी वेगळी पूड घेऊन वेगळीच क्रिया. एका दगडामागे दिवसचे दिवस जात. शेवटी सर्व घटकांची बेरीज शंभराच्या अगदी निकट यावी लागे.

परंतु बेरीज शंभर आली म्हणजे पृथक्करण खरे, असे मुळीच नाही, आणि वॉशिंग्टन यांचे खरे मोठेपण येथेच दिसून येते. दोन चुका एकमेकींस झाकू शकतात. टायटॅनियम वेगळे काढले नाही तर ते ॲल्युमिनियमच्या खात्यात जमा होते, आणि बेरजेत काडीचाही फरक पडत नाही! जमाखर्च बरोबर जुळलेला असूनही वही खोटी असू शकते, हे आपल्याकडील प्रत्येक अनुभवी कारकुनास ठाऊक आहे. वॉशिंग्टन यांनी जगातील नियतकालिकांत विखुरलेली अग्निजन्य खडकांची पृथक्करणे गोळा केली. पण गोळा करून ती एका पोत्यात भरली नाहीत. पृथक्करण कोणी केले, कोणत्या पद्धतीने केले, किती घटक वेगळे काढले, नमुना ताजा होता की कुजका, हे पाहून त्यांनी त्यांची प्रत लावली. उत्तम ती एका बाजूस, हीन ती दुसऱ्या बाजूस. हा संग्रह १९०३ साली प्रथम आणि १९१७ साली वाढवून अमेरिकेच्या भूगर्भ खात्याने प्रसिद्ध केला. त्यातील उत्तम प्रतीच्या ५१५९ पृथक्करणांच्या आधारे क्लार्क आणि वॉशिंग्टन यांनी १९२४ साली पृथ्वीच्या कवचाची सरासरी घटना मांडली. तीत प्राणवायूचे वजन शेकडा ४६ ते ४७ आणि सिलिकॉनचे सुमारे २८ भरले. म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग या दोनच मूलतत्त्वांचा आहे.

साक्षीदारांची गर्दी जमवून सत्य ठरत नाही, साक्षीदार पारखून ठरते, हा न्याय राजवाड्यांनी बखरींस लावला आणि वॉशिंग्टन यांनी पृथक्करणांस. एकाचा जन्म १८६३ सालचा, दुसऱ्याचा १८६७ सालचा. दोघांची विद्या निराळी, देश निराळा. परंतु साधनांची छाननी केल्यावाचून सिद्धान्त बोलावयाचा नाही, ही शिस्त एकच आहे. आम्ही या दोन नावांची जोडी लावतो ती एवढ्यासाठीच.

वॉशिंग्टन यांच्या नावाशी निगडित असलेले दुसरे कार्य म्हणजे दगडांचे गणिती वर्गीकरण. क्रॉस, इडिंग्ज, पिर्सन आणि वॉशिंग्टन या चौघांनी १९०२ साली ते प्रसिद्ध केले. दगड लवकर थिजला तर त्यातील खनिजांचे कण इतके बारीक राहतात की ते ओळखता येत नाहीत. मग दोन दगडांची तुलना कशी करावी? या चौघांनी ठरविले की पृथक्करणाचे आकडे घेऊन, ठराविक क्रमाने व ठराविक नियमांनी, त्यांतून आदर्श खनिजे गणिताने मांडावी. गृहिणी डबे पाहून घरात काय काय शिजू शकेल याचा अंदाज करते, तसाच हा प्रकार. शिधा ठाऊक असला की पक्वान्न न पाहताही त्याविषयी बोलता येते. त्या वर्गीकरणातील क्लिष्ट नावे लवकरच विस्मृतीत गेली. परंतु ही गणिताची रीत चौघांच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाते आणि आजतागायत जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या नित्य उपयोगात आहे.

आता दख्खनकडे येऊ. १९२२ साली अमेरिकेच्या भूगर्भ संस्थेच्या पत्रिकेत वॉशिंग्टन यांनी दख्खनचे 'ट्रॅप' आणि इतर पठारी बेसाल्ट या विषयावर प्रदीर्घ निबंध लिहिला. 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांस तो चांगलाच साजतो. दख्खनच्या अकरा नमुन्यांच्या पृथक्करणांची सरासरी त्यांनी दिली. तीत सिलिका शेकडा ५०.६१, ॲल्युमिना सुमारे साडेतेरा, लोहाची दोन्ही ऑक्साइडे मिळून सुमारे तेरा, चुना सुमारे साडेनऊ, मॅग्नेशिया सुमारे साडेपाच. पोटॅश एकाहूनही कमी. या आकड्यांवर वर सांगितलेले गणित चालविले तर निम्मा भाग फेल्स्पार, सुमारे एक तृतीयांश पायरॉक्सीन, बाकी लोहखनिजे आणि थोडेसे क्वार्ट्झ असा हिशेब निघतो. ओरेगॉनपासून उत्तर अटलांटिकच्या बेटांपर्यंतचे पठारी बेसाल्ट त्यांनी यांच्याशी ताडून पाहिले आणि त्यांत एक कुलसाम्य आहे, विशेषतः लोहाचा अंश मोठा आहे, असे दाखविले. लोहाच्या या आधिक्याशी त्यांनी रसाच्या प्रवाहीपणाची सांगड घातली. शिखराच्या ज्वालामुखीप्रमाणे डोंगर न रचता हा रस पाण्यासारखा दूरवर का पसरला, या कोड्याचे उत्तर त्यांनी दगडाच्या घटनेतच शोधले.

तीनच वर्षांनी, १९२५ साली, हिंदुस्थानच्या भूगर्भ खात्याचे लुई ली फर्मोर यांनी खानदेशातीलच एक पुरावा पुढे आणला. भुसावळ येथे कोळशाच्या शोधार्थ बाराशे फुटांहून अधिक खोल छिद्र घेण्यात आले होते. कोळसा हाती लागला नाही. परंतु बाहेर आलेल्या दगडाच्या कांड्या तपासून फर्मोर यांनी एकावर एक रचलेले २९ थर ओळखले. कोळशाच्या दृष्टीने जे छिद्र वाया गेले, ते विद्येच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचे ठरले.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो. सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटरांवर पसरलेल्या पठाराविषयी अकरा नमुन्यांवरून बोलणे कितपत योग्य? सरासरी ही उपयुक्त खरी, पण ती भेद झाकते. गावाचे सरासरी उत्पन्न सांगितल्याने सावकार आणि शेतमजूर यांचे घर एक होत नाही. पुढील संशोधनाने हा आक्षेप खरा ठरविला. १९८० च्या दशकात कॉक्स, हूपर, सुब्बाराव प्रभृती संशोधकांनी घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत चढून शेकडो नमुने घेतले. डोळ्यांस एकसारखे दिसणारे थर अत्यल्प प्रमाणात असलेल्या मूलतत्त्वांच्या आकड्यांवरून आणि समस्थानिकांच्या गुणोत्तरांवरून वेगवेगळे ओळखता येऊ लागले. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर अशी त्यांच्या थरांची नावे आज जगाच्या ग्रंथांतून वाचावयास मिळतात. काही रस वर येताना वाटेतील जुना खडक पोटात घेऊन आला, काही जवळजवळ शुद्ध आला, हेही त्यांतून कळले. खानदेशच्या भित्तींतील दगड या थरांशी ताडून कोणता थर कोणत्या भेगेतून पसरला असावा, हे अजमाविण्याचे काम आता चालते.

मग वॉशिंग्टन कालबाह्य झाले काय? आमचे मत तसे नाही. त्यांची सरासरी मागे पडली, पण त्यांचा न्याय मागे पडला नाही. आज यंत्र काही तासांत अनेक नमुन्यांचे आकडे हाती देते. आकडे सुलभ झाले की त्यांवर आंधळा विश्वास बसतो. म्हणून नमुना कोठला, ताजा की कुजका, यंत्र कशाशी ताडून पाहिले, हे प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचे झाले आहेत. मुशीपाशी दिवस घालविणाऱ्या माणसाने घालून दिलेला दंडक यंत्राच्या युगात अधिकच मोलाचा ठरतो.

हा सर्व प्रपंच पंडितांपुरताच आहे, असे कोणी समजू नये. आपली काळी जमीन याच दगडाची लेक आहे. चुना, मॅग्नेशिया आणि लोह तिला मायेकडून मिळाले. नत्र मात्र दगडात नाही, ते शेणखताने व कडधान्यांच्या पिकानेच आणावे लागते. पाण्याचीही तीच कथा. भित्ती जेथे अखंड असते तेथे ती भूमिगत पाण्यास आडवी येऊन बांधाचे काम करते. जेथे भेगाळलेली असते तेथे स्वतःच पाण्याचा साठा होते. शेजारच्या साक्री तालुक्यातील अशा भित्तींच्या जलसाठ्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला आहे. एकाच शिवारात, शंभर पावलांच्या अंतरात, एका विहिरीस पाणी आणि दुसरी कोरडी, याचे कारण पुष्कळदा नशिबात नसून दगडात असते. शिंदखेड्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात कर्ज काढून कूपनलिका खोदणाऱ्या शेतकऱ्यास हे ज्ञान असणे अगर नसणे, हा संसाराचा प्रश्न आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची ती ही. राजवाडे गावोगाव हिंडत होते त्या काळी जुने मोडी कागद वाण्याच्या पुड्यांस जात, चुलीत जात, वाळवीच्या मुखी पडत. त्या कागदांत काय आहे हे घरच्यांस ठाऊक नव्हते, म्हणून ते गेले. आज भित्तींचा कठीण दगड खडीसाठी फोडला जातो. रस्ते हवेत, घरे हवीत, तेव्हा खडीही हवीच. आम्ही तिचा निषेध करीत नाही. परंतु फोडलेली भित्ती पुन्हा उभी राहत नाही आणि तिच्याबरोबर एका भेगेची साक्ष कायमची जाते. फोडण्यापूर्वी तिची जागा, दिशा आणि जाडी नोंदवावी, ताज्या दगडाचा एक तुकडा चिठ्ठी लावून ठेवावा, एवढे तरी आपणांस सहज करता येण्याजोगे आहे. यासाठी प्लॅटिनमची मूस लागत नाही. एक हातोडी, एक वही आणि एखाद्या शाळेचे कपाट पुरे. ज्या जिल्ह्याने कागदांचे दप्तर जिवापाड जपले, त्याने दगडाचे दप्तर रद्दीत घालू नये. सात समुद्रांपलीकडच्या एका माणसाने आपल्या अकरा तुकड्यांवरून एवढे वाचले. ज्यांच्या दारात ही संपूर्ण पोथी उघडी पडली आहे, त्यांनी निदान तिची पाने तरी मोजून ठेवावीत.